कानशिलातलं दुखणं

निपाणीत जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवायला टाकायचा म्हटलं की बायका कमलाक्काकडंच जायच्या. टेप तिच्या गळ्यात असायची खरी, पण अर्धं माप ती नजरेनंच घ्यायची. "बाळंतपणापासनं दंड भरलाय गं तुझा, मागच्या मापावर शिवला तर उसवंल," असं म्हणायची आणि ते खरं निघायचं. सून आली, नातवंड झालं, तरी मशीन बंद पडलं नाही. सकाळी बस्तीत दर्शन, मग घरचं बघणं, मग खिडकीपाशी मशीन, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. सूर्य बुडाल्यावर तोंडात घास घालायचा नाही, हा नेम तिनं माहेरपासून पाळलेला. साठी ओलांडून चार वर्षं झाली होती, पण सुईत दोरा ओवायला अजून कुणाला हाक मारत नव्हती.

आणि या बाईचं डोकं कधी दुखलं नव्हतं. शेजारची मालुबाई विड्या वळायची. तिला तरुणपणापासून अर्धशिशी. दुखायला लागलं की पदर डोक्याला करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. कमलाक्का तिला पेज नेऊन द्यायची आणि म्हणायची, "डोस्कं दुखतंय म्हंजे नेमकं काय हुतंय गं मालू? मला कवा दुखलंच न्हाय." मालुबाई म्हणायची, "देव करो नि कळायलाबी नगो."

भादव्यात कळलं.

दशलक्षण पर्वाचे उपवास चालले होते. कमलाक्का दरवर्षी करायची तसे यंदाही धरले होते. तशात एका सकाळी उजवं कानशील ठणकू लागलं. उपाशीपोटी पित्त चढलं असेल, असं तिला वाटलं. सून अनुराधा शाळेत शिक्षिका. ती सासूला आत्ती म्हणायची. "आत्ती, ह्या वयात एवढे उपास नको हो," म्हणून ती जरा रागावलीही. पर्व संपलं, पारणं झालं, ताटात गोडधोड पडलं. ठणका मात्र राहिला. रोज राहिला. सकाळी उठताना असायचा, निजताना असायचा.

नवरा भुजबली, गल्लीतले त्याला आप्पा म्हणायचे, जन्मभर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. आता गावाबाहेरच्या तुकड्यात ऊस लावून बसायचा. बायको दुखणं सांगते हेच त्याला नवीन. तो हसून म्हणाला, "आजपतूर गावाची डोस्की दुखली, आता तुझी पाळी आली म्हणायची." तीही हसली. हसताना कानशिलात कळ गेली, पण ते तिनं सांगितलं नाही.

मालुबाईनं निदान केलं ते असं : "अर्धीच बाजू दुखतीया न्हवं? मग अर्धशिशीच. माझी तुला लागली." आणि आपल्या गोळ्यांतल्या दोन दिल्या.

गोळ्यांनी तासभर बरं वाटायचं, मग परत तेच. शेवटी ती शिंत्रे डॉक्टरांकडं गेली. शिंत्रे डॉक्टर म्हणजे घरातलाच माणूस. तिच्या मुलाच्या, वृषभच्या, गोवर-कांजिण्या त्यांनीच काढलेल्या. त्या दिवसांत गावात डेंगूची साथ होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली, कंपाउंडर नावं ओरडतोय. नंबर लागेपर्यंत तिला वाटू लागलं, ह्या तापानं फणफणलेल्या पोरांच्या गर्दीत आपण डोकं दुखतंय म्हणून काय आलोय!

"काय कमलाक्का, तुमी आणि दवाखान्यात?"

"डोस्कं दुखतंय, डॉक्टर."

"कुठं दुखतं?"

"सगळंच." तिनं लाजून हात वर फिरवला.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला. थोडा वाढलेला होता. "मशीनवर किती बसता? दिवाळीचं शिवण चालू झालं असंल. मान आखडली म्हंजे डोकं धरतंय. चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा." अंगात कणकण वाटते, असं तिनं सांगितलं. त्यावर साथीचे दिवस आहेत म्हणून त्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली. त्यात खोटं काहीच नव्हतं. साथ होती, मशीन होतं, मानही आखडली होती.

चष्मा बदलला. नव्या चष्म्यात अक्षरं मोठी दिसली, ठणका तेवढाच राहिला.

दसऱ्याच्या सुमाराला आणखी एक गोष्ट होऊ लागली. केस विंचरताना उजव्या बाजूला फणी लागली की डोक्याची कातडी भाजल्यासारखी व्हायची. त्या कुशीवर उशीला डोकंही टेकवेना. तिनं अंबाडा घालणं सोडलं, नुसती सैल गाठ मारू लागली. हे तिनं मालुबाईला सांगितलं. मालुबाई म्हणाली, उवा-कोंडा बघ आणि कडुनिंबाचा पाला उकळून धू. तिनं धुतलं.

मग भाकरी खाताना जबडा थकू लागला. दात दुखत नव्हता. चार-पाच घास चावले की जबड्यात पेटके आल्यासारखं व्हायचं. थोडं थांबलं की जायचं, पुन्हा चावलं की यायचं. ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. हे तिनं दातांच्या डॉक्टराला सांगितलं, कारण जबडा म्हणजे दाताचंच काहीतरी असणार. त्यानं आत बघितलं, एक दाढ किडलेली होतीच, ती काढली. दाढेची जागा भरली, जबडा मात्र पूर्वीसारखाच थकत राहिला.

डोकं, केस, जबडा आणि कणकण ही एकाच दुखण्याची चार तोंडं असतील, असं तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्या येणार? एक गोष्ट शिंत्रे डॉक्टरांकडं गेली, एक मालुबाईकडं, एक दातवाल्याकडं. सगळ्या एका माणसापुढं कधी ठेवल्या गेल्याच नाहीत, आणि ठेव म्हणून तिला कुणी विचारलंही नाही.

दिवाळीच्या आधी वृषभ हट्टाला पेटला. तो कोल्हापुरात कारखान्यात कामाला, रोज एसटीनं ये-जा करणारा. आईचा चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली बघून त्याला वाटलं, डोक्यात गाठबीठ नसेल ना? त्यानं रजा टाकली आणि आईला कोल्हापुरात नेऊन डोक्याचा फोटो काढून आणला. रिपोर्टात काही निघालं नाही. वयाच्या मानानं सगळं ठीक. वृषभनं बस्तीत नारळ वाढवला. आप्पानं पेढे आणले.

तो पेढा तिला कडू झाला. त्या दिवसापासून घरात तिच्या दुखण्याला जागा राहिली नाही.

"आत्ती, डोक्यात काहीच नाहीय. मनातनं काढून टाका बघू," अनुराधा समजुतीनं म्हणायची. आप्पा म्हणायचा, "मशीनीनंसुद्धा सांगितलं, काय न्हाय म्हणून. आता आणि कुणाला इचारायचं?" पाहुण्यारावळ्यांत बोलणं व्हायचं की कमलाक्काचं जरा मनावर आलंय, म्हातारपणी काहींचं होतं तसं. ती ऐकायची. पुढं पुढं तिनं सांगणंच बंद केलं. कपाळावर हात गेला की चटकन खाली घ्यायची. एकदा मशीनवर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि गिऱ्हाईक बाई दारात उभी होती. "कांदा चिरत हुतो," असं कमलाक्का म्हणाली. तिच्या घरात कांदा येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती अंगणात तुळशीपाशी उभी होती. उजव्या डोळ्यापुढं कुणीतरी राखाडी पडदा सोडावा तसं झालं. तिनं डोळा चोळला. थोड्या वेळानं पडदा आपोआप वर गेला आणि तुळस पुन्हा स्वच्छ दिसली.

आप्पा शेताकडं निघाला होता, ऊसतोडीची टोळी यायची होती. ती म्हणाली, "अहो, मगाशी ह्या डोळ्याम्होरं पडदा पडल्यागत झालं."

"आणि आता?"

"आता दिसतंय."

"मग झालं की. मोतीबिंदू असंल. सवडीनं जाऊ."

दोन दिवसांनी परत तसंच झालं, परत दिसू लागलं. या खेपेला तिनं कुणाला सांगितलं नाही. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी ती उठली तेव्हा उजवा डोळा उघडा होता आणि त्यात काहीच नव्हतं. अंधारसुद्धा नव्हता. हाताची बोटं डोळ्यापुढं नाचवली, ती नव्हती. डावा डोळा झाकला तर घरच नव्हतं.

तिनं हाक मारली ती ऐकून अनुराधाच्या हातातून दुधाचं पातेलं पडलं.

गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बॅटरीनं आत बघितलं, चेहरा गंभीर केला आणि सांगितलं, डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा बंद पडलाय, वयानं होतं असं, हा डोळा परत येणं अवघड आहे. थेंब दिले आणि बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला चिठ्ठी दिली. लगेच जा, असंही ते म्हणाले. पण तो शनिवार होता, रविवारी दवाखान्याची ओपीडी बंद. वृषभला सुट्टी मिळेना. आप्पा म्हणाला, सोमवारी सकाळची पहिली गाडी धरू. जो डोळा गेला तो गेलाच, दोन दिवसांनी काय फरक पडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. डावा डोळा कुणाच्या ध्यानात नव्हता.

रविवारी दुपारी तिला डाव्या डोळ्यानंही धुकं दिसू लागलं. हिवाळ्याचं धुकं असेल, असं तिनं स्वतःलाच सांगितलं.

बेळगावात डोळ्याच्या विभागातून तिला तसंच चाकाच्या खुर्चीवरून दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. नर्सनं कन्नडमध्ये विचारलं, "अज्जी, येल्ली नोवु?" कुठं दुखतंय म्हणून. कमलाक्कानं नुसतं कानशिलावर बोट ठेवलं. मग डॉक्टर आल्या. डॉ. माधवी, बेळगावजवळच्याच हिंडलग्याच्या, वयानं अनुराधाएवढ्या. त्यांनी आधी कोल्हापूरचा फोटो बघितला नाही. खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात बसल्या.

"आज्जी, तरुणपणी डोकं दुखायचं का कधी?"

"कवाच न्हाय."

"मग हे कधीपासून?"

"ह्या भादव्यापासनं."

त्यांनी दोन बोटांनी तिचं उजवं कानशील चाचपलं. तिथली शीर दोरीसारखी जाड, टणक झाली होती. बोट लागताच कमलाक्का कळवळली.

"केस विंचरताना इथं दुखतं?"

कमलाक्कानं मान वर केली.

"भाकरी चावताना जबडा थकतो? थांबलं की बरं वाटतं?"

तिचा हात जबड्याकडं गेला. आप्पानं उत्तर दिलं, "न्हाय, ते दाताचं हुतं, दाढ काढलीया की." आणि मग कमलाक्का रडू लागली. इतकी रडली की नर्स पाणी घेऊन आली. दुखतंय म्हणून ती रडत नव्हती. भादव्यापासून जे तिच्या एकटीच्या अंगात कोंडलं होतं, ते कुणीतरी तिच्या आधी बोलून दाखवलं होतं.

डॉक्टरांनी बाहेर बोलावून वृषभला समजावलं. कानशिलातली रक्तवाहिनी सुजते, पन्नाशीच्या पुढच्या माणसांना होतं, आपल्याकडं कमी दिसतं म्हणून कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. तीच सूज डोळ्याच्या नसेला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत जाते. डोक्याच्या फोटोत ती दिसत नाही. रक्ताच्या साध्या तपासणीत संशय येतो, आणि स्टिरॉइडनं ती उतरते.

"म्हंजे आधी कळलं असतं तर?" वृषभनं विचारलं.

डॉ. माधवी म्हणाल्या, "डोळा जायच्या आधी औषध सुरू झालं असतं तर बहुतेक वेळा डोळा राहतो. आता डावा वाचवायचा प्रयत्न करू. इंजेक्शन आत्ता लगेच देते, तपासण्यांचे निकाल मागून येऊ देत."

रक्त तपासलं, सूज दाखवणारा आकडा खूपच वर होता. सलाईनमधून औषध चढू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलाक्का जागी झाली आणि उशीवर उजव्या कुशीला वळली. कळ आली नाही. तिनं कानशील दाबून बघितलं. काही नाही. भादव्यापासून एक क्षण न सुटलेला ठणका रात्रीत कुणी पुसून टाकावा तसा गेला होता. अनुराधानं डब्यातली भाकरी मोडून दिली. तिनं अख्खी चतकोर सरळ चावून खाल्ली.

"थांबलं!" आप्पा व्हरांड्यात जाऊन ओरडला. "वृषभ, डोस्कं थांबलं रं आईचं!"

अनुराधाला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं सासूच्या पाठीवरून हात फिरवला. कमलाक्का भाकरी गिळून म्हणाली, "अनू, दिवा लाव बाळ. लई अंधार हाय हितं."

खिडकीतून ऊन थेट तिच्या मांडीवर आलं होतं.

डॉक्टरांनी आणखी दोन दिवस इंजेक्शनं दिली. बाहेरच्या मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. कानाजवळचा रक्तवाहिनीचा तुकडा तपासायला पाठवला, त्यातही तेच निघालं. डाव्या डोळ्यात शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. दारात कुणी उभं राहिलं तर काहीतरी काळं उभं आहे, इतकं तिला कळायचं. कोण, ते कळायचं नाही. कमलाक्का घरी निघाली तेव्हा डॉ. माधवी खाली गाडीपर्यंत आल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. "आज्जी, गोळ्या चुकवू नका" एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर गल्लीतल्या बाया एकेक करून भेटून गेल्या. अर्धवट शिवलेले ब्लाऊज अनुराधानं परत केले, बायकांनी ते पिशवीत घातले. गोळ्यांनी कमलाक्काचा चेहरा गोल सुजला, साखर वाढली, हात कापू लागले. भूक मात्र राक्षसासारखी लागायची, आणि दिवस मावळला की नाही हे कळायला तिला कुणालातरी विचारावं लागायचं. एकदा विचारायचं राहिलं. घास तोंडात असताना बाहेर दिवेलागणीची आरती ऐकू आली. घास तिनं हातावर काढला आणि ताट सरकवून दिलं. पुढचे दोन दिवस ती जेवली नाही. औषध उपाशीपोटी घेता येत नाही, म्हणून अनुराधानं पाया पडून तिला खायला लावलं.

शिंत्रे डॉक्टर भेटायला आले. रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून बसले, फुगवायचं विसरले.

कमलाक्का म्हणाली, "डॉक्टर, मी केसाचं नि जबड्याचं तुमाला सांगितलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "मीच इचारायला पायजे हुतं, कमलाक्का."

"इचारलं असतंसा तर सांगितलं असतं की मी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर डॉक्टरांना तिथं बसणं जमलं असतं. ते चहा न घेता उठले.

आप्पाचं वेगळंच झालं. 'मग झालं की' हे आपलेच शब्द त्याला दिवसातून कितीदा ऐकू यायचे कुणास ठाऊक. शेताकडं जाणं त्यानं सोडलं. बायकोच्या भोवती फिरायचा, पाण्याचा तांब्या हातात द्यायचा, पायरी आली म्हणून सांगायचा. कमलाक्का सगळं करून घ्यायची आणि काही बोलायची नाही. पूर्वी तिचं तोंड मशीनसारखं चालायचं. आता चार माणसांत बसली तरी ती तिथं नसायची.

उन्हाळ्यात तपासणीला बेळगावला जाऊन दोघं परत येत होती. डॉ. माधवींनी सांगितलं होतं, आजार आटोक्यात आहे, गोळी कमी करू. आप्पा बरं वाटून घ्यायचा प्रयत्न करत होता. बसमध्ये खिडकीची जागा त्यानं तिला दिली, आणि मग स्वतःच्याच लक्षात आलं तसा ओशाळला. थोड्या वेळानं तो बाहेरचं सांगू लागला. हत्तरगी आली. उसाच्या फडाला जाळ लावलाय बघ. संकेश्वरजवळ नवीन पूल बांधायला लागलेत. एका बाईच्या अंगावर मोरपंखी लुगडं हाय, तुझ्याजवळ हुतं तसलं.

"नगा सांगू," कमलाक्का म्हणाली.

गाडी घाटाला लागली, वळणावर दोघांचे खांदे एकमेकांवर आपटले. तवंदीच्या त्या घाटात स्तवनिधीचं, लोकांच्या तोंडी तवनिधीचं, जैन तीर्थक्षेत्र आहे. जन्मभर तिथून जाताना कमलाक्कानं हात जोडले होते, बसमध्ये झोप लागलेली असली तरी त्या वळणावर जाग यायची.

आप्पा हळूच म्हणाला, "तवनिधी आलं. हात जोड."

तिला ते वळणावरूनच कळलं होतं. तिनं हात मांडीवरून उचलले नाहीत.

"तुमीच जोडा," ती म्हणाली.

आप्पानं एकट्यानं हात जोडले. गाडी निपाणीकडं उतरू लागली.